कृतज्ञता आणि शरीरप्रकृति

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायांतील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यानें, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं एकदां तरी ऐकलेली असेल. शोमरोन व गालील ह्यांच्या सीमेजवळच्या एका गांवाशीं दहा रोगी दूर उभे राहून येशू ख्रिस्ताला हांका मारतात. तो त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगतो. आणि वाटेनें चालतां चालतांच ते दहाहि जण शुद्ध होतात. त्यांपैकीं एकटाच मागें फिरतो, आणि तो असतो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परके व हलके समजत अशांपैकीं.

ह्या गोष्टीवर बोलतांना शिक्षक व धर्मोपदेशक बहुधा त्या नऊ जणांचा समाचार घेतात. माझ्या मनांत मात्र पुष्कळ दिवस एक निराळाच प्रश्न घोळत होता. त्या नवांचा रोग कांहीं परत आला नाहीं. निदान तसें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. दहाहि जण देहानें सारखेच बरे झाले. मग जो एक परत फिरला, त्याला त्या मागें फिरण्यानें देहाच्या दृष्टीनें आणखी कांहीं मिळालें काय? प्रश्न थोडा आडवळणाचा आहे खरा. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं व डॉक्टरांनीं जवळजवळ हाच प्रश्न हातीं घेऊन त्यावर प्रयोग केले आहेत. त्यांतून काय निष्पन्न झालें, आणि काय झालें नाहीं, हें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. (कुष्ठरोग आज औषधांनीं पूर्ण बरा होतो, हें जातां जातां सांगून ठेवणें इष्ट; अजूनहि पुष्कळ घरांत तो लपविला जातो.)

प्रथम शब्दाकडे पाहूं. 'कृत' म्हणजे केलेलें, आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आभार मानणारा असा कृतज्ञ शब्दाचा मूळ अर्थ नव्हे. आपल्यासाठीं कोणीं काय केलें हें ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. उलट, केलेल्याचा घात करणारा तो कृतघ्न. म्हणजे ही गोष्ट जिभेची होण्यापूर्वीं डोळ्यांची व स्मृतीची आहे. ही व्युत्पत्ति वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें जे प्रयोग सांगावयाचे आहेत त्यांतील मर्म समजण्यास तिचा फार उपयोग होतो.

आपल्या घरांत आभाराचे शब्द फारसे उच्चारले जात नाहींत. आईनें पान वाढलें आणि मुलगा म्हणाला, "आई, मी तुझा अत्यंत आभारी आहें," तर आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाहीं ना हें आधीं पाहील. घरच्या माणसाचे आभार मानणें म्हणजे त्याला परकें लेखणें, अशी आपली समजूत आहे, आणि ती अगदींच चुकीची आहे असें मला वाटत नाहीं. परंतु आभार न बोलण्याची ही चाल हळूहळू आभार न जाणण्यापर्यंत जाते, तेथें बिघडतें. जुन्या माणसांनीं ह्यावर आपापल्या परीनें तोड काढलेली होती. जेवणापूर्वीं म्हणावयाचा श्लोक, ख्रिस्ती घरांत ताटावर बसल्यावर होणारी प्रार्थना, खंडेनवमीच्या दिवशीं अवजारांची पूजा, मुसलमान शेजारी बोलतां बोलतां अल्लाचे शुक्र मानतात तें, ह्या सर्वांचें काम एकच: जें रोज मिळतें तें रोज दिसत राहावें.

आतां मनांतील विचार शरीरापर्यंत पोंचतो कसा, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन ह्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, भीति किंवा क्रोध उत्पन्न होतांच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो. त्यासरशीं हृदय धडधडूं लागतें, रक्तांतील साखर वाढते, पचन थबकतें. शरीर लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतें. पुढें १९३६ सालीं मॉन्ट्रियल येथें हान्स सेल्ये ह्यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, अशी ताणाची स्थिति दीर्घकाळ राहिली तर त्याच ग्रंथि सुजतात, आणि पोटांत व्रण पडतात. वाघ समोर आला असतां ही व्यवस्था प्राण वाचविते. मनुष्याची अडचण अशी कीं, त्याचा वाघ रात्रीं अंथरुणावरहि येतो. उद्यांचा गणिताचा पेपर, वर्गांत सर्वांदेखत झालेला अपमान, वडिलांच्या नोकरीची अनिश्चितता, ह्यांपैकीं कशालाहि पंजे नाहींत. पण हृदय मात्र पंजे असल्याप्रमाणेंच धडधडतें.

म्हणूनच कृतज्ञतेचा परिणाम पाहणाऱ्यांचें लक्ष प्रथम झोंपेकडे गेलें, हें स्वाभाविक होय. इंग्लंडांतील अ‍ॅलेक्स वुड व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत ४०१ माणसांच्या झोंपेची माहिती होती. त्यांपैकीं शेंकडा ४० जणांची झोंप वैद्यकीय दृष्ट्या बिघडलेली म्हणण्याजोगी होती. ज्यांच्या स्वभावांत कृतज्ञता अधिक, त्यांना झोंप लौकर लागे, ती अधिक वेळ टिके, आणि दिवसा ग्लानि कमी येई. ह्याचें कारण शोधूं जातां असें दिसलें कीं, दिवा मालविल्यानंतर व डोळा लागण्यापूर्वीं जे विचार मनांत येतात, त्यांतच मुख्य फरक होता. कृतज्ञ मनुष्याला चिंता नसतात असें नव्हे. परंतु त्या अर्ध्या तासांत त्याच्या मनाला वाघाखेरीज आणखी कांहीं तरी पाहावयास असतें.

ह्या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मात्र त्यापूर्वीं, २००३ सालीं, प्रसिद्ध झाला होता. तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेचे रॉबर्ट एमन्स व मायामी विद्यापीठाचे मायकेल मॅकलॉ ह्या दोघांचा. त्यांनीं कॉलेजांतील सुमारें २०० विद्यार्थी घेऊन त्यांचे, आवडनिवड न पाहतां, तीन गट पाडले. पहिल्या गटानें आठवड्यांतून एकदां, गेल्या सात दिवसांत ज्यांबद्दल कृतज्ञता वाटली अशा पांचपर्यंत गोष्टी लिहावयाच्या. दुसऱ्यानें ज्यांचा त्रास झाला अशा गोष्टी. तिसऱ्यानें ज्यांचा आपल्यावर कांहीं परिणाम झाला अशा कोणत्याहि घटना. हा क्रम दहा आठवडे चालला. कोणाला औषध नाहीं, उपदेश नाहीं, पथ्य नाहीं. तरी अखेरीस असें आढळलें कीं, पहिल्या गटांतील विद्यार्थी आपल्या एकंदर आयुष्याविषयीं अधिक समाधानी होते, पुढील आठवड्याकडे अधिक आशेनें पाहत होते, आणि डोकें दुखणें, पोट बिघडणें असल्या तक्रारी त्यांच्यांत कमी होत्या. विशेष नवलाची गोष्ट अशी कीं, त्रासाची यादी करणाऱ्यांपेक्षां ते आठवड्याला तासाभराहून अधिक व्यायाम करूं लागले होते, आणि व्यायाम करा असें त्यांना कोणींच सांगितलें नव्हतें!

ह्याच दोघांनीं दुसऱ्या प्रयोगांत आठवड्याऐवजीं रोज लिहावयास लावलें, पण तो दोनच आठवडे चालला. त्यांत लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला, दुसऱ्यास मदत करण्याची प्रवृत्ति वाढली. परंतु शारीरिक तक्रारींत फरक दिसला नाहीं. लोकप्रिय पुस्तकांतून ही गोष्ट बहुधा गाळली जाते, म्हणून ती येथें मुद्दाम नमूद केली आहे. शरीर हें मनासारखें चटकन् वळत नाहीं, असा माझा त्यावरून तर्क आहे. तिसरा प्रयोग मला सर्वांत हृद्य वाटतो. त्यांत भाग घेणारे ६५ जण स्नायु व मज्जातंतु ह्यांच्या जुनाट विकारांनीं आजारी होते. चालणें, उठणें, वस्तु हातांत धरणें हेंच ज्यांना कष्टाचें, त्यांना रोज कृतज्ञतेच्या गोष्टी लिहा असें सांगणें म्हणजे एक प्रकारची क्रूर थट्टाच, असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटेल. तथापि २१ दिवसांच्या अखेरीस लिहिणारांचें मन अधिक प्रसन्न होतें, ते अधिक तास झोंपत होते, आणि सकाळीं उठल्यावर त्यांना अधिक ताजेंतवानें वाटत होतें. त्यांच्या घरच्या माणसांना विचारलें, तेव्हां त्यांनाहि हा फरक जाणवलेला होता. रोग होता तेथेंच राहिला, हें मात्र विसरतां कामा नये.

विद्यार्थी म्हणतील, हें सर्व मोठ्या माणसांचें झालें, आमचें काय? तर २००८ सालीं जेफ्री फ्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील एका शाळेच्या सहावी-सातवीच्या ११ वर्गांतील २२१ मुलामुलींकडून दोन आठवडे रोज असेंच लेखन करविलें. कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्या मुलांमध्यें सर्वांत ठळकपणें दिसून आलेला परिणाम असा कीं, त्यांना आपल्या शाळेविषयीं अधिक समाधान वाटूं लागलें, आणि लेखन थांबल्यावर तीन आठवड्यांनींहि तें टिकून होतें. शाळा तीच, बाकें तींच, आणि गृहपाठहि तोच. ह्या प्रयोगाकडे माझ्या व्यवसायबंधूंनीं अवश्य लक्ष द्यावें.

आतां साठ वर्षांपूर्वीं लिहिलेल्या निबंधांवरून आयुष्य मोजल्याची एक गोष्ट. अमेरिकेंतील 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' ह्या संघांतील धर्मभगिनी बहुतेक शिक्षिकाच असत. २२ सप्टेंबर १९३० रोजीं त्यांच्या वरिष्ठ भगिनींनीं आज्ञा काढली कीं, प्रत्येकीनें एका कागदावर, २०० ते ३०० शब्दांच्या आंत, आपलें आत्मवृत्त लिहून द्यावें. जन्म कोठें झाला, आईबाप कोण, शिक्षण कोठें झालें, धर्मजीवनाकडे मन कां वळलें, एवढेंच त्यांत यावयाचें. लिहिणाऱ्या भगिनींचें सरासरी वय २२ वर्षांचें होतें. कागद दप्तरांत पडून राहिले. पुढें जवळजवळ साठ वर्षांनीं, त्यांपैकीं कित्येकजणी ऐंशी-नव्वदीच्या घरांत असतांना, केंटकी विद्यापीठांतील डेबोरा डॅनर, डेव्हिड स्नोडन व वॉलेस फ्रीझन ह्यांनीं अशीं १८० आत्मवृत्तें वाक्यावाक्यानें तपासलीं. कांहीं भगिनींनीं केवळ तारखा व भावंडांची संख्या लिहिली होती. कांहींनीं त्याच घटना लिहितांना आनंद, प्रेम, आशा, कृतज्ञता, समाधान असे भाव व्यक्त केले होते. २००१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लिखाणांत अशीं वाक्यें सर्वांत अधिक होतीं तो चतुर्थांश, व ज्यांच्यांत सर्वांत कमी होतीं तो चतुर्थांश, ह्यांच्या आयुर्मानांत सुमारें ७ वर्षांचें अंतर पडलें होतें.

ह्या पाहणीचें महत्त्व अशासाठीं कीं, ह्या सर्व भगिनींचें राहणें एकसारखें. अन्न एक, निवास एक, दिनक्रम एक. तंबाखू नाहीं, मद्याचा अतिरेक नाहीं, संसाराच्या काळज्या नाहींत, आजारपणांत शुश्रूषाहि सारखीच. एकीला सुग्रास मिळालें व दुसरीला नाहीं, असें म्हणावयास जागा नाहीं. अर्थात् त्यांतील सर्वच श्रेय कृतज्ञतेला देतां येत नाहीं, कारण इतर प्रसन्न भावांबरोबरच ती मोजली गेली होती. आम्ही शिक्षक निबंध तपासतांना ऱ्हस्व-दीर्घ पाहतों. साठ वर्षांनीं कोणी तो निबंध आयुष्य मोजण्यासाठीं हातीं घेईल, हें कोणाच्या मनांत येणार!

निव्वळ कृतज्ञतेचा आयुष्याशीं संबंध पाहणारें मोठें संशोधन अगदीं अलीकडचें, २०२४ सालांतील आहे. अमेरिकेंत १९७६ पासून हजारों परिचारिकांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जात आहे. त्यांपैकीं ४९,२७५ जणींना २०१६ सालीं कृतज्ञतेसंबंधीं सहा प्रश्न विचारले गेले. तेव्हां त्यांचें सरासरी वय ७९ होतें. २०१९ अखेरपर्यंत त्यांपैकीं ४,६०८ जणी निवर्तल्या. वय, आधींचे आजार, सांपत्तिक स्थिति, मनाची उदासीनता इत्यादि गोष्टी हिशेबांत धरूनहि, ज्या तृतीयांशाचे कृतज्ञतेचे गुण सर्वांत अधिक होते त्यांच्यांत, सर्वांत कमी गुणांच्या तृतीयांशापेक्षां, मृत्यूचा संभव शेंकडा ९ नीं कमी आढळला.

शेंकडा ९ हा आंकडा लहान आहे, आणि तो लहानच आहे असें म्हणणें हाच प्रामाणिकपणा होय. शिवाय ही पाहणी होती, प्रयोग नव्हे. ज्यांची प्रकृति मुळांतच बरी त्यांना कृतज्ञ राहणें सोपें जातें, ही शंका कितीहि हिशेब केले तरी पुरती फिटत नाहीं. मनाच्या रोगांविषयीं तर अधिकच सावधपणा हवा. कृतज्ञतेच्या लेखनानें उदासीनता व चिंता कमी होतात काय, हें पाहणारे २७ अभ्यास, एकूण ३,६७५ माणसांचे, २०२१ सालीं एकत्र तपासण्यांत आले. त्यांत परिणाम दिसला, पण तो अल्प होता. तेव्हां पालकांना विनंति अशी कीं, मूल आठवडेच्या आठवडे खिन्न असेल, जेवत नसेल, झोंपत नसेल, तर त्याच्या हातीं वही देऊन मोकळें होऊं नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावें. हिंवतापाला औषध लागतें, क्षयाला औषध लागतें, आणि मनाच्या आजारालाहि तें लागूं शकतें. कृतज्ञता ही पथ्याच्या जातीची वस्तु आहे. पथ्यानें औषधाचें काम होत नाहीं, पण पथ्य निरुपयोगी आहे असें कोणताहि वैद्य म्हणणार नाहीं.

इतक्या मर्यादा सांगूनहि लेखन करावयाचें ठरलें, तर तें कसें करावें? येथें मला स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं मला दोन-तीन महिने नीट झोंप येत नव्हती. डॉक्टरांनीं तपासून कांहीं रोग नाहीं असें सांगितलें, आणि चहा कमी करण्यास सुचविलें. मीं चहा कमी केला व एक वही घातली. पहिल्या रात्रीं लिहिलें: आरोग्य, कुटुंब, नोकरी. दुसऱ्या रात्रींहि तेंच लिहिलें. सातव्या रात्रीं वही उघडून पाहतों तों, हजेरीपटावर रोज तीच खूण करावी त्याप्रमाणें तेच तीन शब्द एकाखालीं एक उभे! त्यांनीं झोंप येण्याचें कारणच नव्हतें. वर्गांत मुलें पाढे म्हणतात तेव्हां त्यांचें लक्ष जितकें पाढ्यांत असतें, तितकेंच माझें त्या शब्दांत होतें.

आठव्या दिवशीं एक लहानशी गोष्ट घडली. शाळेंत झाडलोट करणाऱ्या मावशींना माझा चष्मा एका बाकाखालीं पडलेला सांपडला होता. तो त्यांनीं टेबलावर ठेवला असता तरी चाललें असतें. परंतु मुलांचा धक्का लागून फुटेल म्हणून त्यांनीं तो धुतलेल्या फडक्यांत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणांत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, माझी येण्याची वेळ माहीत असल्यामुळें, वर्गाच्या दाराशीं उभ्या राहून माझ्या हातांत दिला. त्या रात्रीं वहींत मीं हें सर्व लिहिलें, फडक्याचा रंगसुद्धां लिहिला. लिहितां लिहितां असें ध्यानांत आलें कीं, चष्म्यावांचून माझा तो सबंध दिवस वायां गेला असता, आणि तो जाऊं नये ह्याची काळजी माझ्या नकळत दुसऱ्या कोणीं तरी केली होती. त्या रात्रीं मला चांगली झोंप लागली. चहा कमी केल्याचाहि तो परिणाम असेल. मी वाद घालणार नाहीं.

सोन्या लुबोमिर्स्की नांवाच्या विदुषींनीं केलेल्या एका प्रयोगाची माहिती मला पुढें मिळाली, तेव्हां माझ्या हजेरीपटाचा उलगडा झाला. त्यांनीं सहा आठवडे कांहीं जणांना आठवड्यांतून एकदां व कांहींना तीनदां कृतज्ञतेच्या गोष्टी लिहावयास सांगितल्या. समाधान वाढलें तें एकदां लिहिणाऱ्यांचें. रोज करावयाची गोष्ट लौकरच हातांत उरते आणि मनांतून जाते. म्हणून नित्य करावयाचें तें पाहणें. लिहिणें आठवड्याला एकदां झालें तरी हरकत नाहीं. २००८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासांत तर निराळीच युक्ति सांपडली. आपल्याला लाभलेली एखादी चांगली गोष्ट कशी घडली हें लिहिणाऱ्यांपेक्षां, ती कशी घडलीच नसती हें लिहिणाऱ्यांना अधिक आनंद झाला. विद्यार्थ्यांनीं हें करून पाहावें. ज्या मित्राच्या शेजारीं तुम्ही बसतां, त्याच्या वडिलांची बदली दुसऱ्या गांवीं झाली असती तर? तुमच्या आईला तिच्या वडिलांनीं चौथीनंतर शाळेंतून काढलें असतें तर?

नेमकेपणाचा हा धडा आपल्या शेतकऱ्यांना कोणत्याहि विद्यापीठाच्या आधीं ठाऊक होता. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी होते. बैलाला ओवाळणें, झूल घालणें, शिंगें रंगविणें, पुरणपोळी चारणें हें सर्व पोळ्याच्या दिवशीं. आदल्या संध्याकाळीं मात्र बैलाचा खांदा ऊन पाण्यानें शेकून त्यावर हळद व लोणी, कोठें तेल, चोळतात. वर्षभर जूं जेथें टेंकलें, कातडें जेथें घट्टें पडून निबर झालें, नेमका तोच भाग धनी आपल्या हातानें चोळतो. साऱ्या बैलाचे आभार दुसऱ्या दिवशीं, आधीं खांद्याचे. ज्याच्या घरीं बैल आहे त्या विद्यार्थ्यानें येत्या श्रावणांत हें जवळून पाहावें. (आरोग्याचा लाभ येथें प्रथम बैलाला होतो, ही गोष्ट निराळी.)

पालकांसाठीं एक शब्द. मुलानें कृतज्ञ असावें असें प्रत्येक आईबापांना वाटतें, आणि म्हणून पुष्कळ घरांतून "तुझ्यासाठीं आम्ही काय काय केलें" ह्याची यादी मुलापुढें वारंवार वाचली जाते. हेतु चांगला असतो. पण त्यानें जें उत्पन्न होतें तें कृतज्ञता नसून मिंधेपण असतें. मराठींत हे दोन शब्द वेगळे आहेत हें आपलें भाग्य. मिंधा मनुष्य उपकारकर्त्याची नजर चुकवितो. कृतज्ञ मनुष्य त्याला शोधीत येतो. मिंधेपणांत फेडीची धास्ती असते, आणि ज्या धास्तीचें वर्णन वर केलें तिच्यापासून प्रकृतीला लाभ होण्याचा संभव नाहीं. तसेंच, ज्याच्यावर अन्याय होत आहे त्याला मिळालें त्यांत कृतज्ञ राहा असें सांगणें म्हणजे त्याचें तोंड बंद करणें होय. कृतज्ञता ही वरून खालीं मागतां येत नाहीं. घरांत ती मुलाला शिकवावयाची असेल तर एकच मार्ग मला माहीत आहे: वडिलांनीं आईचें, आईनें आजीचें, आणि दोघांनीं मिळून भाजी आणून देणाऱ्या, दळण दळून देणाऱ्या माणसांचें काम मुलादेखत नांव घेऊन बोलून दाखवावें. मुलें ऐकतात.

शेवटीं पत्राविषयीं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे मार्टिन सेलिग्मन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००५ सालीं जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत एक असा होता: ज्यानें आपल्यावर उपकार केले, पण ज्याचे आभार कधीं नीट मानले गेले नाहींत, अशा मनुष्याला पत्र लिहावयाचें, आणि तें टपालानें न पाठवितां स्वतः नेऊन द्यावयाचें. हें करणाऱ्यांचें समाधान त्या प्रयोगमालेंत सर्वांत अधिक वाढलें व त्यांची उदासीनता कमी झाली. परंतु हा परिणाम सुमारें महिनाभरच टिकला. ह्याउलट, रोज रात्रीं दिवसांतील तीन चांगल्या गोष्टी व त्या कां घडल्या हें एक आठवडाभर लिहिणाऱ्यांचा लाभ सावकाश वाढत गेला आणि सहा महिन्यांनींहि दिसत होता. त्यांत "कां घडल्या" हें लिहावयाचें असल्यामुळें, तोचतोपणा आपोआप टळतो असें मला वाटतें.

मावशींना मीं पत्र लिहिलें नाहीं. तें त्यांना विचित्र वाटलें असतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या व्हरांडा झाडीत असतां मी थांबलों, आणि चष्म्याबद्दल बोललों. फडक्याबद्दलहि बोललों. त्या हंसल्या, "त्यांत काय एवढं, सर!" म्हणाल्या, आणि केर भरूं लागल्या. मला वाटलें, विषय संपला. चार दिवसांनीं पांचवीच्या वर्गांतील एक मुलगी मधल्या सुट्टींत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती मावशींची मुलगी आहे हें मला तोंवर माहीत नव्हतें. तिनें माझ्या चष्म्याकडे नीट निरखून पाहिलें, आणि विचारलें, "सर, हाच का तो?"